साडी पाठीला, जीन्स बैठकीला

इंदूरच्या सुदामानगरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. घर भाड्याचं. जुन्या बाजारातून घेतलेल्या चार डायनिंगच्या खुर्च्या, बैठकीचं रेक्झिन फाटलेलं. पार्टिकल बोर्डाचं पुस्तकांचं एक रॅक, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चामड्यासारखं दिसणारं कापड पापुद्र्यांनी सोलून निघत असलेला एक सोफा. शिवाय घरमालकाचं सनमायकाचं कपाट, त्याचा रंग त्यांना बघवत नाही. हाताशी आहेत आजीच्या दोन महेश्वरी साड्या, एक सुती नऊवारी, एक सोलापुरी चादर, नवऱ्याच्या पाच-सहा जीन्स आणि आधीच्या घराचे पडदे. शिवणयंत्र नाही. कोणतं कापड कुठे लावू, टिकेल का आणि आजीची साडी कापली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, हे काम मी रामबागेतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं करते आहे. जुनं कापड आणि स्वस्त फर्निचर यांचं फार चांगलं जमतं, पण एक गोष्ट आधी मनात पक्की करा. जुन्या कापडाचं थोडं आयुष्य खर्च झालेलं असतं. किती उरलं आहे ते बघायचं आणि तेवढीच झीज होईल अशा जागी ते लावायचं. बैठकीवर रोज माणूस घासतो, खुर्चीच्या पाठीवर त्याहून कमी आणि रॅकच्या मागच्या बाजूला कोणीच घासत नाही. लोक सगळ्यात सुंदर कापड बैठकीला लावतात, कारण तिथे ते आधी दिसतं. आणि तिथेच ते आधी फाटतं.

मी स्वतः हे केलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्या सहा खुर्च्यांना त्यांच्या आईचं रेशमी लुगडं थेट फोमवर ताणून लावलं. इतकं देखणं दिसत होतं की मी स्वतःच बघत राहिले. नवरात्रात काम दिलं आणि होळीच्या आधी पुढच्या कडेला, मांडी जिथे टेकते तिथे, रेशीम उभं चिरत गेलं. तीन खुर्च्यांचं तर इतकं गेलं की शिवूनही उपयोग नव्हता, कारण सुई घातली की शेजारचा धागा तुटत होता. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत. पण ते लुगडं परत येणार नव्हतं. त्यानंतर अंगठ्यांनी तपासल्याशिवाय एकही जुनं कापड मी कापलेलं नाही.

ही अंगठ्यांची परीक्षा मला वडिलांनी शिकवली. इंदूरच्या कापडमिलमध्ये विणाईच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. कापड डोळ्यांनी बघायचं नाही, हातांनी बघायचं, असं ते म्हणत. दोन्ही मुठींत कापड असं धरा की दोन अंगठ्यांमध्ये एक इंचाचं अंतर राहील. अंगठे वर करून टेकवा आणि मुठी बाहेरच्या बाजूला झटक्यानं वळवा. एकदा उभ्या धाग्याच्या दिशेनं, एकदा आडव्या. चांगलं कापड नुसतं ताणतं आणि जागेवर येतं. विरलेलं कापड बारीकसा ‘चर्र’ आवाज करतं. तो आवाज आला की ते कापड बैठकीचं नाही. मग ते उजेडासमोर धरा. जिथे धाग्यांमधून उजेड जास्त येतो, ते भाग खडूनं गोल करून ठेवा आणि कापताना वगळा.

ही परीक्षा एका जागी करून भागत नाही, कारण जुनं कापड सगळीकडे सारखं जुनं नसतं. जीन्स गुडघ्यावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला विरते, पोटरीकडे जवळजवळ नवी असते. नऊवारी काष्ट्याच्या भागात आणि टाचेकडच्या काठाला झिजते. घडी घालून वर्षानुवर्षं ट्रंकेत ठेवलेली रेशमी साडी घडीच्या रेघांवरच चिरते, बाकी अंग धड असतं. पडद्यांचं तर सगळ्यात फसवं. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दिसायला छान असतो, पण माळव्याच्या उन्हानं त्याचे धागे कुजलेले असतात. नुसता अंगठा दाबला तरी आरपार जातो. तुमचे पडदे कोणत्या खिडकीचे होते ते आठवून बघा. उत्तरेच्या खिडकीचे असतील तर ते तुमच्या हाताशी असलेलं सगळ्यात कामाचं कापड ठरू शकेल.

कापड कशाचं आहे हे माहीत नसेल तर कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून मोरीवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे कळलं की धुण्याचं, इस्त्रीचं आणि जागेचंही ठरतं. देवघराजवळच्या, समई किंवा उदबत्ती लागते अशा ठिकाणच्या आसनाला मी पॉलिएस्टर लावत नाही. ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. सुतीसुद्धा पेटतं, म्हणून तिथे मुळात लोंबतं कापड नकोच.

आता तुमच्याकडची कापडं एकेक घेऊ.

बैठकीला जीन्स आणि सोलापुरी चादर. चादर जाड, घट्ट विणीची आणि दोन्ही बाजूंनी नक्षीची असते, म्हणून एक बाजू उडालेली असली तरी दुसरी कामाला येते. फक्त कापल्याबरोबर तिच्या कडा सुटायला लागतात. तेव्हा कापण्याच्या रेघेवर आधी पांढऱ्या फेविकॉलची बारीक धार ओढा, वाळू द्या, मग त्याच रेघेवर कात्री चालवा. जीन्समध्ये ताणणारी जीन्स बाजूला काढा. लेबल वाचा. त्यात इलास्टेन किंवा लायक्रा लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांत बैठकीवर झोळ पडतो आणि तो कितीही ओढला तरी जात नाही. साधी, जाड, न ताणणारी हवी. आणि निळ्या रंगाची काळजी घ्या. ओला पांढरा रुमाल जीन्सवर वीस वेळा जोरात घासा. रुमाल निळा झाला तर पाहुण्यांचा पांढरा झब्बाही निळा होणार. खूप वेळा धुतलेल्या जीन्सला हा त्रास कमी असतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. तो समज खरा नाही. सुटा रंग निघून जाईपर्यंत, पाणी नितळ येईपर्यंत धूत राहणं हाच एक उपाय आहे.

महेश्वरी मात्र बैठकीला अजिबात नको. बहुतेक महेश्वरी उभा धागा रेशमी आणि आडवा सुती अशी असते, अंगानं हलकी. ती अंगावर पडावी म्हणून विणलेली आहे, ताणून ठोकावी म्हणून नाही. तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटसुलट नेसता येते. तुमच्या साडीची एक बाजू फिकी पडली असेल तर उलटून बघा, कदाचित आतली बाजू अजून ताजी निघेल. तिची जागा पुस्तकांच्या रॅकच्या मागे. ते पुढे सांगते.

सुती नऊवारी खुर्चीच्या पाठीला, उशांच्या अभ्र्यांना आणि एका अटीवर बैठकीलाही चालते. अट अशी की तिची गोधडी करायची. विरलेला भाग वगळून तुकडा कापा, खाली जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा तुकडा घ्या, मध्ये आणखी एक सुती थर, आणि तिन्ही थर मिळून अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्यानं भरून काढा. आपल्या आज्यांनी जुनेरांना दुसरा जन्म दिला तो याच टाक्यानं. प्रत्येक टाक्याशी वरचं कापड खालच्या कापडाला बांधलं जातं, त्यामुळे ताण एका धाग्यावर येत नाही, सगळ्या थरांत वाटला जातो. एका बैठकीला मला चार संध्याकाळ लागतात. तुम्हाला सहा लागतील. पण माझ्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक ज्या स्टुलावर बसतं, त्याची अशी गोधडीची बैठक नऊ वर्षं झाली तरी धड आहे.

आजीची साडी कापावी का? ताई, माझं मत विचाराल तर दोन्ही महेश्वरी कापू नका. जी अंगठ्याच्या परीक्षेत नापास होईल, जी आता नेसताच येणार नाही, तीच कापा. तीसुद्धा पदराकडून नाही. नेसताना कमरेला आत खोचलं जातं त्या टोकापासून सुरुवात करा. त्या टोकाला ऊन लागलेलं नसतं, रंग बराच टिकलेला असतो. पदर शेवटपर्यंत अखंड ठेवा. दोन वर्षांनी त्याचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.

कोणतंही कापड कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, नव्या कटपीसलाही हे लागू आहे. जाड सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवा, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल. रेशमी कापड भिजत घालू नका, गार पाण्यातून हलक्या हातानं काढून सावलीत वाळवा. मग उलट बाजूनं इस्त्री. चादर किंवा जीन्स कमी पडली तर एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये कटपीसची चौकशी करा. अस्तर आणि लेस शीतलामाता बाजारात मिळेल, टॅकर (पिना ठोकायचं हातयंत्र) आणि पिना सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानात.

आता खुर्च्या. सगळ्यात जास्त समाधान देणारं काम हेच आहे. यात यंत्राची शिलाई लागत नाही, म्हणून शिवणयंत्र नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

खुर्ची उलटी करा. बैठकीची फळी चार स्क्रूंनी सांगाड्याला धरलेली दिसेल. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या, आणि फळीच्या खाली व त्याच खुर्चीच्या सांगाड्यावर एकच आकडा मार्करनं लिहा, एक, दोन, तीन, चार. दिसायला चारही सारख्या असतात, पण स्क्रूची भोकं कारागिरानं हातानं पाडलेली असतात. एकीची फळी दुसरीवर बसवायला गेलात की भोकं अर्ध्या सुतानं, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागानं, चुकतात आणि मग माणूस नवी भोकं पाडून लाकूड फाडतो. स्क्रू प्रत्येक खुर्चीचे वेगळ्या डबीत.

जुनं रेक्झिन काढायला चपटा स्क्रूड्रायव्हर पिनेखाली सरकवून ती उचला आणि पक्कडीनं ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तुटलेल्या पिना ठेवू नका. नवं कापड त्यावरच फाटतं. काढलेलं रेक्झिन टाकू नका, तेच तुमचं माप आहे. आतला फोम बोटांनी चुरून बघा. भुसा झाला असेल तर तो जाऊ द्या. फळीला पोपडे सुटले असतील, वाळवीची मातकट नळी दिसत असेल किंवा बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर कापड लावण्यात अर्थ नाही. सुताराकडून बारा मिलीमीटर प्लायवूडच्या कटपीसमधून नवी फळी कापून घ्या. जुन्या बाजारातून आणलेल्या फर्निचरच्या सांध्यांत ढेकूण आहेत का, तेही याच वेळी टॉर्च लावून बघा. काळे ठिपके दिसले तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग कापड.

नवा फोम बैठकीला चाळीस डेन्सिटीचा घ्या, दीड इंच जाडीचा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. दुकानात बत्तीसचा फोम दाबून दाखवतात, तो हाताला मऊ लागतो म्हणून छान वाटतो. पाठीला तो चालेल, बैठकीला काही महिन्यांत बसतो. फळीपेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापा, म्हणजे कडा गोलसर येतात आणि फळीची धार कापडाला टोचत नाही. चिकटवायला रबरी सोल्यूशन फळीला आणि फोमला पातळ लावा, हाताला ओलं न लागता चिकट लागेपर्यंत थांबा आणि मग दाबा. त्याची वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या आणि शेजारी गॅस बंद.

फोमवर थेट शोभेचं कापड लावू नका. आधी जुन्या चादरीचा एक थर ताणून पिना मारा. लोक हा थर वाचवतात आणि तिथेच काम कच्चं राहतं. आतलं कापड फोमला आकारात धरतं, ताण स्वतःवर घेतं. वरच्या कापडाला मग नुसतं दिसायचंच काम उरतं. तीन वर्षांनी वरचं बदलायचं झालं तर फोमला हातही लावावा लागत नाही.

माप असं. फळी सोळा इंच चौरस असेल, फोम दीड इंच आणि खाली वळवायला दीड इंच, तर प्रत्येक बाजूला तीन इंच वाढले. म्हणजे बावीस इंचांचा चौकोन. जीन्सच्या एका पायातून तो निघत नाही. पाय आतल्या शिवणीवर उसवून उलगडा, दोन-तीन पट्ट्या जोडा. हातशिलाईचा उलटा टाका इथे पुरेसा मजबूत होतो, दोरा मात्र जाड घ्या. जोडाची जाड शिवण पुढच्या कडेवर येऊ देऊ नका. तिथे मांडी घासते आणि शिवणीचा उंचवटा सगळ्यात आधी झिजतो. जोड पुढून मागे जाणारे ठेवा.

कापड पालथं पसरा, त्यावर फळी फोमसकट उलटी ठेवा. पुढच्या बाजूच्या बरोबर मध्यावर एक पिन. मग समोरची बाजू, म्हणजे खुर्चीची मागची, तळहातानं कापड मध्यापासून बाहेर सरकवत ओढा आणि एक पिन. मग डावी, मग उजवी. आता थांबा. फळी उचलून सुलटी करा आणि बघा. चादरीची पट्टी सरळ आहे का? नक्षी मध्यावर आहे का? पट्टी धनुष्यासारखी वाकली असेल तर एका बाजूला जास्त ओढलं गेलं आहे. चारच पिना आहेत, काढायला सोप्या. चाळीस मारल्यावर हे लक्षात आलं की रडू येतं. सगळं बरोबर असेल तर प्रत्येक मध्यापासून कोपऱ्याकडे एक-एक इंचावर पिना मारत जा आणि कोपऱ्याच्या दोन इंच आधी थांबा. बारा मिलीमीटर फळीला आठ मिलीमीटरची पिन, फळी पातळ असेल तर सहाची.

कोपऱ्याचं टोक आधी तिरकं आत, फळीच्या मध्याकडे ओढा आणि एक पिन मारा. दोन्ही अंगांना कापडाचा फुगा उरेल. पुढच्या कोपऱ्यांना त्याची एकच घडी अशी घाला की घडीचं तोंड बाजूला येईल, समोर नाही. समोरून बघणाऱ्याला सपाट कापड दिसलं पाहिजे. चादर जाड असेल तर घडीच्या आतलं जास्तीचं कापड कापून टाका, नाहीतर स्क्रूच्या जागी ढीग होतो, फळी सांगाड्यावर बसत नाही आणि खुर्ची डुगडुगते. स्क्रूच्या भोकांवर कापड आलं असेल तर टोच्यानं भोक मोकळं करून घ्या. स्क्रू थेट कापडातून फिरवलात तर तो धागे गुंडाळत वर नेतो आणि वरच्या बाजूला सुरकुती उमटते.

शेवटी खालची बाजू. दुकानातून मिळतात त्या कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या जपून ठेवल्या असतील तर उलगडून खालून लावा. धूळ अडते, हवा मात्र खेळती राहते. रेक्झिन किंवा प्लास्टिक खालून लावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा दमट झाली की आत ओल कोंडते आणि बुरशीचा वास धरतो.

पहिल्या खुर्चीला तुमचा अख्खा रविवार जाईल. चौथी तासाभरात होईल. म्हणून पहिली ती निवडा जी भिंतीकडे तोंड करून राहणार आहे.

रॅकचं काम सोपं आहे. मागची पातळ शीट काढून तिला कापड गुंडाळायचा मोह होईल, पण ती खाचेत बसवलेली असेल तर कापडाच्या जाडीनं परत खाचेत जात नाही. त्यापेक्षा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा प्रत्येक कप्प्याच्या आतल्या मापापेक्षा एक सूत कमी कापा. त्यावर धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर, त्यावर महेश्वरी, काठ खालच्या बाजूला येईल असा. कडा मागे वळवून टाक्यांनी समोरासमोर ओढून घ्या, जसं भरतकाम फ्रेममध्ये बसवतात. महेश्वरीला गोंद लावू नका, पिनही नको. हा पुठ्ठा कप्प्यात नुसता दाबून बसतो. घर बदललं की काढा, टाके उसवा, साडीचा तुकडा जसाच्या तसा हातात. रॅक खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका. बाघ प्रिंटची, म्हणजे बाघ गावच्या ठशांच्या छपाईची, जुनी ओढणी असली तर तीही इथे फार छान दिसते.

सोफ्याबद्दल स्पष्ट सांगते. सोलून निघतंय ते चामडं नाही, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर आहे. दमट हवेनं आणि घामानं तो थर कालांतरानं तुटतो. त्यावर चिकटवलेलं कापड पापुद्र्यांसकट निघून येणार. त्यावर पैसे घालू नका. गाद्या सुट्या असतील तर त्यांना पडद्यांचे नवे अभ्रे करा. जुनं कव्हर रिपरनं उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा आणि वरच्या दिशेचा बाण काढा. तेच तुकडे पडद्यावर ठेवून कापले की माप चुकत नाही. हातांच्या आणि पाठीच्या सांगाड्याचं काम कारागिराला द्या. कापड तुमचं, मजुरी त्याची, असं बोलणं करता येतं. फक्त कापड किती मीटर लागेल हे त्यानं सांगायच्या आधी तुमच्या पडद्यांचा एकही तुकडा कापू नका.

प्लास्टिकच्या खुर्च्यांना काहीही चिकटवायला जाऊ नका. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यावर गोंद धरत नाही. पाठीवरून टोपीसारखं चढणारं, खाली नाड्यांनी बांधायचं खोळीसारखं कव्हर नऊवारीतून होईल. धुवायलाही काढता येतं.

राहिलं घरमालकाचं कपाट. त्याला हात लावायचा म्हणजे परत होतं तसं करून देण्याची खात्री हवी, आणि त्यासाठी साडीची खळ कामाला येते. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पेजेसारखं होईपर्यंत ढवळा, चिमूटभर तुरटी घाला आणि गार होऊ द्या. पूर्वी खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर तर मुळीच नको. सनमायका साबणाच्या पाण्यानं पुसून तेलकटपणा काढा. ब्रशनं खळ लावा, त्यावर हलकं सुती कापड वरून खाली सोडत तळहातानं बुडबुडे काढा, मग कापडावरूनही खळीचा एक हात फिरवा. नऊवारीचा उरलेला भाग यासाठी चांगला. जीन्स किंवा चादर नको, त्यांच्या वजनानं खळ सुटते. कडा ओल्या असताना कापू नका. पूर्ण वाळल्यावर पट्टी ठेवून कटरनं कापा, रेघ दोऱ्यासारखी सरळ येते.

तीन जागा टाळा. स्वयंपाकघर आणि मोरीजवळचं कपाट, कारण ओल आणि झुरळं. भिंतीला पाठ लागून ओलावा येणारी बाजू. आणि पार्टिकल बोर्डाची उघडी कड, जिथे सनमायका उडालेला आहे. तिला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. खळीला कसर लागू शकते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा दार उघडून कडा बघून घ्या.

घर सोडताना स्पंज कोमट पाण्यात बुडवून कापड भिजवा, दहा मिनिटं थांबा आणि वरच्या कोपऱ्यापासून सावकाश ओढा. अख्खं कापड एका तुकड्यात उतरतं. खाली राहिलेली खळ ओल्या फडक्यानं पुसा, आणि काढलेलं कापड त्याच दिवशी धुऊन टाका. तसंच ठेवलं तर रात्रीत आंबूस वास धरतं.